अ‍ॅटनबरो आले कुठून? दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग कसा काढतात

दुर्मीळ आडनावाचा शोध बहुतेक लोक अर्थापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात. आडनावांच्या कोशात अर्थ सापडला की काम संपले, असे वाटते. खरे तर अर्थ सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. आधी ते आडनाव कुठे कुठे आहे याचा नकाशा पाहायचा, मग जुन्या नोंदींतून पिढ्यान्‌पिढ्या मागे जायचे आणि या दोन्हींशी जुळेल तोच अर्थ स्वीकारायचा. हा क्रम उलटा केला की सुंदर पण खोटी व्युत्पत्ती हाती लागते.

उदाहरण म्हणून अ‍ॅटनबरो हे आडनाव घेऊ. 'गांधी' चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गावरच्या मालिकांमुळे घरोघरी पोचलेले डेव्हिड या दोन भावांमुळे ते आपल्याला परिचित आहे. पण नाव गाजलेले असले तरी आडनाव दुर्मीळ आहे. इंग्लंडमध्ये ते लावणारी कुटुंबे थोडी, आणि त्यांची मुळे बहुतांशी नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या एकमेकींना लागून असलेल्या दोन काउंट्यांत (प्रशासकीय विभागांत) सापडतात.

एका आडनावाचे दोन अर्थ

मध्ययुगीन इंग्रजीत माणसाची ओळख सांगताना 'अ‍ॅटन' हा शब्द वापरत. त्याचा अर्थ 'अमुक ठिकाणापाशी राहणारा'. अ‍ॅश वृक्षापाशी राहणारा तो 'अ‍ॅटन अ‍ॅश'. पुढे त्यातला 'न' पुढच्या शब्दाला चिकटला आणि नॅश हे आडनाव तयार झाले. 'अ‍ॅटन ओक'पासून तसेच नोक्स आले. या चालीवर अ‍ॅटनबरो म्हणजे 'तटबंदीच्या वस्तीपाशी राहणारा', असे कोणालाही सुचेल. ऐकायला ते पटतेही.

दुसरे स्पष्टीकरण गावाचे. नॉटिंगहॅम शहराच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचे गाव आहे. बाराव्या शतकातल्या नोंदीत त्याचे नाव साधारण 'आदिनबुर्खा' असे लिहिलेले आढळते. म्हणजे तिथे 'ट' नाही, 'द' आहे, आणि 'अ‍ॅटन' या शब्दाचा काहीच संबंध नाही. स्थलनामांचे अभ्यासक त्याची फोड अशी करतात : अड्डा किंवा अ‍ॅडी नावाचा कोणी अँग्लो-सॅक्सन पुरुष, त्याच्याशी संबंध दाखवणारा 'इंग' हा प्रत्यय आणि 'बुर्ह' म्हणजे तटबंदी केलेली जागा. अड्डाची गढी, असे म्हणता येईल. 'द'चा 'ट' नंतर झाला.

दोन्ही अर्थ कागदावर शक्य आहेत. मग खरा कोणता? इथेच नकाशा कामाला येतो, कारण प्रत्येक अर्थातून वेगळा नकाशा निघतो. 'तटबंदीच्या वस्तीपाशी राहणारा' हा अर्थ खरा असता, तर हे आडनाव इंग्लंडभर ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उगवले असते. अशा वस्त्या दक्षिणेतही होत्या, उत्तरेतही. नकाशावर विखुरलेले ठिपके दिसले असते. गावावरून आले असेल, तर ठिपक्यांचा एकच दाट पुंजका दिसायला हवा आणि त्याच्या पोटात किंवा अगदी शेजारी ते गाव हवे. अ‍ॅटनबरोचा नकाशा दुसऱ्या प्रकारचा आहे.

गाव सोडले की गावाचे नाव चिकटते

गावावरून आलेल्या आडनावांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून ओळखता येत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. आपल्याकडे साताऱ्यात कोणी कोणाला सातारकर म्हणून हाक मारत नाही. तो पुण्यात आला की सातारकर होतो. इंग्लंडमध्येही तेच झाले. अ‍ॅटनबरो सोडून शेजारच्या गावात किंवा नॉटिंगहॅमच्या बाजारात जाऊन राहिलेल्या माणसाला तिथल्या लोकांनी 'अ‍ॅटनबरोचा' म्हटले, आणि मुलांनी ते पुढे चालवले.

म्हणून उगमाच्या गावातच जुन्या नोंदी शोधत बसणे ही नवख्यांची नेहमीची चूक. गावात त्या आडनावाचा माणूस सापडला नाही म्हणजे तर्क खोटा ठरला, असे होत नाही. गावाभोवती पंधरा-वीस मैलांचे वर्तुळ आखून त्यातली सगळी गावे तपासावी लागतात. एक अडचण मात्र येते. माणूस जेवढा दूर गेला तेवढी त्याच्या गावाची ओळख पुसट होते. लंडनमध्ये पोचलेल्याला 'अ‍ॅटनबरोचा' म्हणून फारसे काही कळत नाही, तिथे 'नॉटिंगहॅमचा' म्हटले जाण्याची शक्यता जास्त. लहान गावांवरून आलेली आडनावे उगमाजवळच दाट का आढळतात, याचे एक कारण हे.

आडनावे वंशपरंपरेने स्थिर होण्याचा काळही प्रदेशाप्रमाणे बदलतो. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सरदार घराण्यांनी जहागिरीच्या गावावरून नावे लावायला सुरुवात केली. दक्षिणेतल्या आणि मध्य इंग्लंडमधल्या सामान्य लोकांत ती साधारण १२५० ते १३५० दरम्यान रुजली आणि उत्तरेत त्याच्याही नंतर. त्याआधीच्या कागदात 'अमुक गावचा जॉन' दिसला, तर ते आडनाव आहे असे धरून चालू नये. त्याचा मुलगा वेगळ्या नावाने नोंदलेला असू शकतो. बाप आणि मुलगा दोघांना तेच नाव लागलेले दिसले, किंवा त्या गावाशी संबंध नसलेल्या माणसाला ते लागलेले दिसले, तरच ते आडनाव झाले.

१८८१ चा नकाशा का घ्यायचा

आजची मतदार यादी किंवा दूरध्वनी पुस्तिका नकाशासाठी घेऊ नये. विसाव्या शतकात लोक नोकरीसाठी इतके फिरले की मूळ पुंजका विरळ होऊन जातो. ३ एप्रिल १८८१ रोजी झालेली जनगणना हा सर्वमान्य पाया आहे. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २.६ कोटी माणसांची नावनिशीवार नोंद त्यात आहे, आणि हौशी वंशशोधकांनी वर्षानुवर्षे खपून ती पूर्ण उतरवून काढली आहे. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती विनामूल्य शोधता येते.

प्रत्येक माणसापुढे कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, धंदा आणि जन्मस्थळ असे रकाने आहेत. जन्मस्थळाचा रकाना सोन्यासारखा आहे. त्यामुळे एकाच जनगणनेतून दोन नकाशे निघतात : माणूस १८८१ मध्ये कुठे होता याचा एक, आणि तो जन्मला कुठे याचा दुसरा. साठ वर्षांवरील माणसे वेगळी काढून त्यांच्या जन्मगावांचा नकाशा काढला, की आपण रेल्वे येण्यापूर्वीच्या इंग्लंडात, १८२० च्या आसपास जाऊन पोचतो. दुर्मीळ आडनावासाठी ही युक्ती फार उपयोगी पडते. शंभर-दोनशे माणसांचीच यादी असते, एका दुपारी हाताने करता येते.

१८४१ च्या जनगणनेत जन्मगाव विचारलेले नाही. 'याच काउंटीत जन्म झाला का' एवढ्याच प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर आहे, आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. ५४ वर्षांचा माणूस ५० चा दिसतो. जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, १८५१ पासून नोंदला जाऊ लागला. १९३१ ची जनगणना १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे झालीच नाही. त्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ रोजी केलेल्या राष्ट्रीय नोंदवहीवर अवलंबून राहावे लागते.

नकाशा काढताना नुसती माणसे मोजली की लंडन नेहमी वर येते, कारण तिथे सगळीच आडनावे आढळतात. म्हणून दर लाखाला किती हे प्रमाण काढायचे. १८८१ मध्ये लंडनची लोकसंख्या सुमारे ३८ लाख आणि नॉटिंगहॅमशरची सुमारे ३.९ लाख होती. समजा, एखाद्या आडनावाचे ९५ लोक लंडनमध्ये आणि ७८ लोक नॉटिंगहॅमशरमध्ये मिळाले. नुसत्या आकड्यांत लंडन पुढे. पण प्रमाण काढले तर लंडनमध्ये लाखाला २.५ आणि नॉटिंगहॅमशरमध्ये २०. आठपट फरक. आता उगम कुठे शोधायचा ते स्पष्ट होते. काउंटीही मोठीच पडते. पुढच्या पायरीला नोंदणी जिल्हे किंवा गरीब-साहाय्य संघांच्या हद्दी घ्याव्यात.

पुंजका काउंटीच्या सीमेवर असेल तर अधिकच सावध राहावे. अ‍ॅटनबरोजवळ इरवॉश ही छोटी नदी ट्रेंटला मिळते, आणि नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर यांची हद्द याच नदीवरून जाते. पलीकडचे लाँग ईटन हाकेच्या अंतरावर, पण काउंटी वेगळी. एकाच काउंटीच्या नोंदी पाहिल्या तर कुटुंबाची अर्धी शाखा गायब होते. मृत्युपत्रांचा घोळ तर त्याहून मोठा. १२ जानेवारी १८५८ पूर्वी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत. नॉटिंगहॅमशर यॉर्कच्या धर्मप्रांतात होते आणि डर्बीशर लिचफील्डच्या. नदीच्या अलीकडच्या भावाचे मृत्युपत्र नॉटिंगहॅम किंवा यॉर्कच्या अभिलेखागारात, तर पलीकडच्या भावाचे स्टॅफर्डशरच्या अभिलेखागारात शोधावे लागते.

स्पेलिंगवर अडून बसू नका

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक लोकांना सही करता येत नव्हती. आडनाव कसे लिहायचे हे पाद्री किंवा कारकून ठरवायचा, आणि तो ऐकू येईल तसे लिहायचा. अ‍ॅटनबरोच्या शेवटच्या ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचा उच्चारात पत्ताच नाही. त्यामुळे ओ-डब्ल्यू हा शेवट आढळतो, बरोच्या जागी 'बुरो' आणि 'बॅरो' आढळते, मधला ओ गळालेला आढळतो, कधी दोन टींच्या जागी एकच टी येतो. 'आमचे आडनाव जी-एचने संपते, ते ओ-डब्ल्यूवाले वेगळे' असे सांगणारी माणसे असतात. एकाच बापाच्या दोन मुलांची नावे एकाच नोंदवहीत दोन तऱ्हांनी लिहिलेली पाहिली की हा आग्रह टिकत नाही.

संगणकावर शोधताना तारांकन (*) वापरावे, म्हणजे त्या जागी कोणतीही अक्षरे चालतात. ए-टी-टी-तारा-एन-बी-तारा एवढे टाकले तरी बहुतेक रूपे जाळ्यात येतात. पण पहिले अक्षरच चुकलेले असेल तर ही युक्ती चालत नाही. जुन्या हस्ताक्षरात मोठा ए कधी एच किंवा ओ वाचला जातो, आणि मध्य इंग्लंडच्या बोलीत शब्दारंभीचा 'ह' गळतो. त्यामुळे लिहिणारा कारकून जिथे 'ह' नाही तिथेही तो घालून ठेवतो. अशा वेळी आडनाव सोडून द्यावे आणि वय, जन्मगाव आणि धंदा यांवरून शोधावे. बायकोमुलांची नावे ठाऊक असतील तर हमखास सापडते.

उलट धोकाही आहे. दिसायला सारखी पण मुळात वेगळी आडनावे एकत्र झाली की नकाशा बिघडतो. दोन रूपे एकाच आडनावाची आहेत असे म्हणण्यापूर्वी निदान एक कुटुंब असे सापडले पाहिजे, ज्याच्या नोंदींत दोन्ही रूपे आली आहेत.

मागे जाताना

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिची सूची तिमाहीप्रमाणे आहे. दुर्मीळ आडनावाचे सगळेच्या सगळे जन्म १८३७ पासून पुढच्या दहा वर्षांत कुठल्या जिल्ह्यांत झाले, याची यादी करावी. सामान्य नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईचे माहेरचे आडनाव सुरुवातीपासून दिलेले असल्यामुळे एकेका जोडप्याची मुले वेगळी काढता येतात. पण १८७५ पूर्वी जन्माची नोंद न करणाऱ्या पालकांना विशेष त्रास होत नसे, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत बरेच जन्म सुटलेले आहेत. सूचीत नाव नाही म्हणून मूल जन्मलेच नाही असे म्हणता येत नाही. बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी.

त्यामागे जायला पॅरिशच्या नोंदवह्या. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या हुकमाने त्या सुरू झाल्या. बऱ्याच ठिकाणी मात्र त्या १५५८ पासूनच मिळतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या नोंदींवर भर दिला होता. अनेकांनी तेवढ्याच उतरवल्या. पुढे यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या राजाविना काळात, साधारण १६४२ ते १६६०, नोंदींत खिंडारे आहेत. तिथे दोर तुटला तर विश्वासाच्या जोरावर जोडू नये.

तारखांची एक गंमत इथे नीट समजून घ्यावी, कारण तिने कित्येक वंशावळी बिघडवल्या आहेत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. नोंदवहीत लग्न १२ एप्रिल १७१५ रोजी आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १७१५ रोजी दिसला, तर मूल लग्नाआधीचे नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७१६ चा. वंशावळीत अशी तारीख १० फेब्रुवारी १७१५/१६ अशी दोन्ही वर्षे देऊन लिहावी.

सतराव्या शतकासाठी चुलींवरचा कर उपयोगी पडतो. १६६२ ते १६८९ या काळात प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग घेत आणि घरमालकांच्या याद्या करत. चुलींच्या संख्येवरून घर केवढे होते हेही कळते. एक चूल असणारा मजूर किंवा छोटा कारागीर, पाच-सहा चुली असणारा सुखवस्तू. त्याआधी १६४१-४२ मध्ये प्रौढ पुरुषांकडून घेतलेल्या शपथेच्या याद्या आहेत, पण थोड्याच भागांच्या. आणखी मागे १३७७, १३७९ आणि १३८१ ची डोईपट्टी. तिच्याही सगळ्या काउंट्यांच्या याद्या टिकलेल्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांत चौदाव्या शतकातली साधी माणसे नावाने भेटतात. १३२७ आणि १३३२ च्या करयाद्यांत गरिबांची नावे नाहीत. एखादे आडनाव तिथे नाही याचा अर्थ ते कुटुंब तेव्हा कर भरण्याइतके सधन नव्हते, एवढाही असू शकतो.

पुंजका शेकडो वर्षे का टिकला

मध्ययुगातला माणूस गावाला खिळलेला होता, ही समजूत बरोबर नाही. लोक हलत, पण जवळच. नोकर म्हणून वर्षाच्या कराराने शेजारच्या पॅरिशमध्ये जात, लग्न दहा-बारा मैलांच्या आत करत. १६६२ च्या वास्तव्य कायद्याने या फिरण्याला आणखी लगाम बसला. परक्या पॅरिशमध्ये आलेला माणूस पुढे आपल्यावर भार होईल असे वाटले, तर तिथले अधिकारी त्याला त्याच्या मूळ पॅरिशला परत धाडू शकत. त्या चौकश्यांचे आणि दाखल्यांचे कागद आज वंशशोधकाला फार मोलाचे आहेत, कारण त्यांत माणूस कुठून कुठे गेला ते स्पष्ट लिहिलेले असते.

ट्रेंटच्या खोऱ्यात आणखी एक कारण होते : घरबसल्या धंदा. मोजे विणण्याचे यंत्र १५८९ मध्ये विल्यम ली याने काढले, आणि तो नॉटिंगहॅमशरमधल्या कॅल्व्हर्टनचा असे मानतात. पुढे नॉटिंगहॅमशर, डर्बीशर आणि लेस्टरशरच्या खेड्यांत हजारो कुटुंबांनी घरात विणमाग चालवला, मग यंत्रावरची लेस आली. शेती पुरेना झाली तरी लोकांना गाव सोडावे लागले नाही. फ्रेडरिक अ‍ॅटनबरो, म्हणजे रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील, १८८७ मध्ये स्टेपलफर्ड इथे जन्मले. अ‍ॅटनबरो गावापासून ते चार-पाच किलोमीटरवर आहे. आडनाव तयार होऊन पाच-सहाशे वर्षे झाली तरी एक शाखा उगमापासून चालत तासाभराच्या अंतरावर होती.

लंडनमधल्या ठिपक्यांचेही कारण सापडते. एकोणिसाव्या शतकात तिथे अ‍ॅटनबरो आडनावाच्या लोकांच्या गहाणवटीच्या पेढ्या प्रसिद्ध होत्या. एका धंद्यात जम बसला की भाऊ, पुतणे गावाकडून बोलावून घेतले जातात. दूरच्या शहरात एखाद्या दुर्मीळ आडनावाचा छोटा दाट पुंजका दिसला तर आधी धंद्याचा रकाना पाहावा.

दुर्मीळ का राहिले

आडनाव दुर्मीळ असण्यामागे बहुधा काही विशेष घडलेले नसते. साधे गणित असते. आडनाव मुलाकडून पुढे जाते, म्हणून फक्त मुलगे मोजायचे. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४ मध्ये हा प्रश्न गणिताने मांडला. समजा, प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो, कोणाला दोन-तीन, कोणाला एकही नाही. नेहमीच्या संभाव्यतेने हिशेब केला तर पहिल्याच पिढीत आडनाव संपण्याची शक्यता ३७ टक्के येते. दोन पिढ्यांत ५३, तीन पिढ्यांत ६३ आणि दहा पिढ्यांत ८४ टक्के. म्हणजे शंभर जणांनी एकेक नवे आडनाव सुरू केले, तर अडीच-तीनशे वर्षांनी सोळाच उरतात. लोकसंख्या वाढत असताना हे प्रमाण सुधारते, पण इंग्रजी आडनावे रुजत होती त्याच काळात, १३४८-४९ मध्ये प्लेगची महामारी आली आणि देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे गेली. एकाच पुरुषापासून सुरू झालेली असंख्य आडनावे तेव्हाच संपली असणार. स्मिथसारखे आडनाव शेकडो ठिकाणी सुरू झाले होते, त्यामुळे काही शाखा गेल्या तरी ते उरलेच.

याच गणिताची दुसरी बाजू वंशशोधकाला फार उपयोगी आहे. दुर्मीळ आडनाव आज टिकले असेल, तर ते लावणारे बहुतेक लोक एकाच माणसाचे वंशज असण्याची शक्यता मोठी असते. हे तपासता येते.

रक्ताची साक्ष

वाय गुणसूत्र फक्त पुरुषांत असते आणि बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाते, आडनावासारखेच. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत एकमेकांशी साम्य जवळजवळ नव्हतेच. रस्त्यावरचे कोणतेही दोन पुरुष घ्या, तेवढेच. अ‍ॅटनबरो आडनावाच्या नमुन्यात मात्र दहापैकी जवळपास नऊ पुरुषांचा वाय प्रकार एकच निघाला, आणि स्पेलिंग वेगळे असले तरी प्रकार तोच. नकाशाने जे सुचवले होते त्याला इथे पुष्टी मिळाली : मूळ पुरुष एक, पुंजका एक, गाव एक. ज्या लेस्टरमध्ये हे काम झाले तिथल्या विद्यापीठाच्या पूर्वीच्या कॉलेजचे फ्रेडरिक अ‍ॅटनबरो हे १९३२ ते १९५१ प्राचार्य होते.

उरलेल्या एका हिश्श्याचे काय? दत्तक, विवाहबाह्य जन्म, आईचे आडनाव लावलेला मुलगा, सावत्र बापाचे नाव घेतलेला मुलगा, अशा अनेक कारणांनी आडनाव आणि गुणसूत्र यांची फारकत होते. हे प्रमाण पिढीमागे एक ते चार टक्के, म्हणजे लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे. पण ते साचत जाते. दोन टक्के धरले तरी वीस पिढ्यांत सुमारे एकतृतीयांश शाखा तुटतात. अगदी राजघराणेही याला अपवाद नाही. लेस्टरमध्येच २०१२ मध्ये सापडलेला तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा मातृवंशाच्या खुणांवरून पक्का ओळखला गेला, पण पुरुषवंशाने त्याचे नातलग म्हणवणाऱ्या पाच जणांपैकी एकाचेही वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळले नाही.

कधी कधी उत्तर फारच अनपेक्षित येते. यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत आफ्रिकेत आढळणारा, ब्रिटनमध्ये तोवर न दिसलेला वाय प्रकार मिळाला. कागदपत्रांनी त्यांच्या वंशावळी १७८० च्या दशकातल्या यॉर्कशरपर्यंत गेल्या. म्हणजे तो पूर्वज त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये आला होता. आडनाव पाहून माणसाचा वंश ओळखता येतो, या कल्पनेला यापेक्षा चोख उत्तर नाही.

चाचणी करायची तर काही पथ्ये आहेत. चाचणी पुरुषाचीच करावी लागते. बाई शोध घेत असेल तर तिने भाऊ, वडील किंवा काका यांना विचारावे. सख्ख्या चुलत भावांचे नमुने घेऊन उपयोग नाही, ते जुळणारच. कागदावर अठराव्या शतकापूर्वीच वेगळ्या झालेल्या दोन शाखांतून एकेक माणूस घ्यावा. वाय गुणसूत्रावरच्या ३७ खुणांची चाचणी सुरुवातीला पुरते. १२ खुणांवर जुळणाऱ्यांची यादी पाहून आनंदून जाऊ नये, तेवढ्यावर परकेही जुळतात. आणि नमुना देणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे, की निकाल त्याच्या आजोबांबद्दल काही नकोसे उघड करू शकतो. संमती त्यानंतर घ्यावी.

विकत मिळणारी ढाल

पर्यटनस्थळांवर आडनावाची 'कुलचिन्हे' चौकटीत घालून विकतात. इंग्लंडच्या कायद्यात आडनावाला कुलचिन्ह नसते. ते एका व्यक्तीला दिले जाते आणि तिच्या पुरुषवंशातल्या वारसांकडे जाते. ते देण्याचा अधिकार १४८४ पासून लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे. आडनाव सारखे म्हणून ढाल आपली, असे होत नाही. या ढालींबरोबर छापून येणाऱ्या व्युत्पत्तींवर तर मुळीच विसंबू नये.

दोर भारतात येतो तेव्हा

इंग्लंडमधल्या नोंदींतून एखादा तरुण अचानक नाहीसा होतो. बाप्तिस्मा आहे, पण लग्न, जनगणना, दफन काहीच नाही. त्याने समुद्र ओलांडला असण्याची शक्यता असते, आणि वाट बऱ्याचदा भारताकडे वळते. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर इथल्या छावण्यांत आणि मुंबई बंदरात आलेल्या ब्रिटिशांचे बाप्तिस्मे, विवाह आणि दफने मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींत आहेत. त्यांच्या लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरात, एन/३ या मालिकेत आहेत. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२. इथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या शिळेवर एखादे विरळा इंग्रजी आडनाव दिसले, तर शिळेवरची तारीख घेऊन आधी एन/३ मध्ये पाहावे. दफनाच्या नोंदीत बहुधा वय, हुद्दा आणि पलटण मिळते.

पलटण कळली की पुढचे दार उघडते. ब्रिटिश सैन्यातून निवृत्तिवेतन घेऊन सुटलेल्या सैनिकांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखाते) ९७ या मालिकेत आहेत. त्यांत सैनिकाचे जन्मगाव पॅरिशसकट लिहिलेले असते. नोकरीत असतानाच वारलेल्याचा असा कागद तिथे नसतो. त्याच्यासाठी पलटणीच्या हजेरी आणि पगाराच्या वह्या, म्हणजे डब्ल्यूओ १२ ही मालिका, तिमाहीप्रमाणे चाळाव्या लागतात. कंपनी सरकारच्या स्वतःच्या फौजेतला असेल तर तो डब्ल्यूओमध्ये सापडायचा नाही. त्याची भरती इंडिया ऑफिसच्या लष्करी दप्तरात पाहायची.